बाळापूरची झोंबी

झोंबी हा शब्द आमच्या पिढीस आनंद यादवांकडून मिळाला. त्यांचे त्या नावाचे आत्मचरित्रात्मक पुस्तक १९८७ साली प्रसिद्ध झाले, १९९० साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, आणि आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना मराठीवर जीव असलेल्या एका वृद्ध फादरांनी ते आमच्या हाती ठेवले. शिकण्यासाठी बापाशी, दारिद्र्याशी आणि साऱ्या गावगाड्याशी झोंबणाऱ्या मुलाची ती कहाणी आहे. त्यामुळे गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाळापूरला संध्याकाळची मिस्सा आटोपल्यावर आमच्या यजमानांचा नातू, "फादर, आज झोंबीचा पिक्चर लावून राह्यलो, थांबा न," असे म्हणाला तेव्हा आम्हांस फार समाधान वाटले. कॉलेजात शिकणारी मुले अजून यादवांची आठवण ठेवून आहेत, असे मनाशी म्हणत आम्ही खुर्ची पुढे ओढून बसलो. भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. पाचदहा मिनिटांत त्या चादरीवर एक मनुष्य दुसऱ्या मनुष्याच्या मानेचा लचका तोडताना दिसला, आणि आपला काहीतरी घोटाळा झाला आहे हे आमच्या ध्यानात आले.

तो चित्रपट होता 'झोंबिवली'. आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. खरे तर तो २०२१ च्या एप्रिलअखेरीसच यावयाचा होता. पण त्या महिन्यात लोकांच्या दाराशी निराळेच संकट उभे होते. कथा डोंबिवलीत घडते. अमेय वाघ यांनी रंगविलेला एक साधा, थोडा भित्रा अभियंता आपल्या गरोदर पत्नीसह नव्या इमारतीत राहावयास येतो. इमारतीला लागूनच झोपडपट्टी आहे. त्या वस्तीतील माणसे एकाएकी झोंबी होऊ लागतात, म्हणजे चालती, भुकेली प्रेते बनतात. मग इमारतीच्या फाटकाआतले आणि फाटकाबाहेरचे अशी माणसांची वाटणी होते, आणि या अनर्थाचे मूळ शोधता शोधता कथा बाटलीबंद पाण्याच्या धंद्यापाशी येऊन पोहोचते. चित्रपट बराचसा विनोदी आहे. हिंदी चित्रपटांच्या मानाने त्याचा खर्चही बेताचाच असावा. मुले खदखदून हसत होती. पाण्याचा विषय निघाला मात्र, आणि हसणे थांबले. आमच्या शेजारचा एक मुलगा पुटपुटला, "पानी आलं न, आता लफडं हाय."

बाळापूरच्या मुलास हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांस एवढेच सांगतो, की तेथे विहीर खणली, बोअर मारली, तरी पाणी लागते ते खारे. त्या पाण्यात डाळ नीट शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार तर गावोगाव ऐकू येते. ज्याच्यापाशी पैसे आहेत तो जारचे पाणी विकत घेतो, ज्याच्यापाशी नाहीत तो खारे पितो. २०२३ च्या एप्रिलमध्ये बाळापूर मतदारसंघाचे आमदार खारे पाणी बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले होते, हे पुष्कळांना आठवत असेल. राजकारण बाजूस ठेवले तरी त्या पाण्याची चव काही बदलत नाही. डोंबिवलीची गोष्ट त्या चादरीवर चालली होती, आणि मुले आपल्या घरातल्या माठाकडे पाहत होती.

चित्रपट संपल्यावर मुलांनी मूळ हेतू सांगितला. त्यांना स्वतःचा झोंबीपट काढायचा होता, मोबाईलवर, दहाबारा मिनिटांचा. त्यासाठी आमची परवानगी हवी होती, आणि आणखीही एक गोष्ट हवी होती. ती त्यांनी त्या दिवशी सांगितली नाही. "विचार करून सांगतो," असे म्हणून आम्ही अकोल्याच्या रस्त्याला लागलो. अंतर २५ किलोमीटरांच्या आसपास. पण त्या रात्री ते लांब वाटले.

धर्मग्रामातील दोघा ज्येष्ठांच्या कानी ही गोष्ट गेलीच. त्यांचे म्हणणे असे, की मेलेली माणसे उठतात ही थट्टा कॅथलिक मुलांनी करू नये. दर रविवारी आपण देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास प्रकट करतो, आणि ही मुले त्याचेच विडंबन करणार. आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता. आमचा स्वभाव असा, की कशावर मत द्यावयाचे तर आधी थोडे वाचावे. तेव्हा आम्ही या झोंबीचे कूळ शोधू लागलो.

ते सापडले हैतीमध्ये. कॅरिबियन समुद्रातील या भूमीवर फ्रेंचांची वसाहत होती, उसाचे मळे होते, आणि मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून धरून आणलेले लक्षावधी गुलाम होते. गुलामाची सुटका एकच, मरण. मेल्यावर आपला आत्मा आफ्रिकेत आपल्या माणसांत परत जाईल, ही त्याची आशा. आणि त्याचे सर्वांत मोठे भय असे, की कुणी मांत्रिक आपले प्रेत उठवील आणि पुन्हा मळ्यावर जुंपील. तो झोंबी. म्हणजे मूळचा झोंबी कुणाला खात नाही, चावत नाही. तो फक्त काम करतो. १८०४ साली हैती स्वतंत्र झाला. गुलामगिरी गेली, तरी भय राहिले. पुढे १९१५ पासून १९३४ पर्यंत अमेरिकन सैन्याने तो देश ताब्यात ठेवला, आणि तेथून ही कल्पना अमेरिकेत गेली. १९३२ सालच्या 'व्हाइट झोंबी' या चित्रपटात साखरेच्या गिरणीचा एक प्रसंग आहे. प्रेतवत माणसे यंत्र फिरवीत आहेत. एक जण तोल जाऊन यंत्रात पडतो, आणि बाकीचे थांबतसुद्धा नाहीत. जिनिंग फॅक्टऱ्यांच्या मुलुखात राहणाऱ्या आम्हांस तो प्रसंग वाचूनच अस्वस्थ वाटले.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. १९४१ च्या सुमारास हैतीतील आपल्याच चर्चने या लोकांच्या वूडू धर्माविरुद्ध मोहीम काढली, त्यांची पूजास्थाने मोडली, त्यांचे ढोल नष्ट केले. ज्यांची भीती समजून घ्यावयाची, त्यांचे ढोल नष्ट करणे सोपे असते.

मनुष्य खाणारा, थव्याने चालणारा आजचा झोंबी मात्र १९६८ सालचा आहे. जॉर्ज रोमेरो या तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी पदरचे पैसे घालून, पुढे आणखी थोडे जमवून, सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा चित्रपट उभा केला. चित्रपटसृष्टीच्या हिशेबाने ही चिल्लरच. पेनसिल्व्हेनियातील इव्हान्स सिटी नावाच्या लहानशा गावाबाहेर एक रिकामे घर आणि एक दफनभूमी, एवढीच जागा. चित्र कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेटचा पाक चालला. झोंबी झाले ते ओळखीपाळखीचे आणि गावातले लोक. गंमत म्हणजे त्या चित्रपटात झोंबी हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही. आणि वितरकाने नाव बदलताना स्वामित्वहक्काची ओळ गाळली, त्यामुळे तो चित्रपट सर्वांचा झाला. ज्याला हवा त्याने दाखवावा, रोमेरोला त्यातून मिळावे तेवढे कधीच मिळाले नाही. तेव्हापासून ही साथ जगभर पसरली. आपल्याकडे २०१३ साली 'गो गोवा गॉन' आला, २०१६ साली तमिळमध्ये 'मिरुथन', २०२१ साली तेलुगूत कर्नूलकडची कथा घेऊन 'झोंबी रेड्डी', आणि मग आमची डोंबिवली.

रोमेरोच्या चित्रपटाचा शेवट आम्ही मुद्दाम यूट्यूबवर पाहिला. रात्रभर प्रेतांशी झुंजून एकटा वाचलेला नायक सकाळी खिडकीपाशी येतो. बाहेर बंदूकधारी गावकरी प्रेते टिपीत चालले आहेत. त्यांना खिडकीत कुणीतरी हललेले दिसते. ते गोळी घालतात. त्याला कुणी नाव विचारीत नाही, हाक मारीत नाही. तो नायक, डुएन जोन्स, कृष्णवर्णीय होता. चित्रपटाची प्रत घेऊन आपण मोटारीने न्यूयॉर्कला निघालो असता वाटेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी कानी आली, असे रोमेरो पुढे सांगत असत.

आमच्या लक्षात आले ते एवढेच, की या चित्रपटांतील मेलेल्यांना नावे नसतात. आपल्या वेताळाची गोष्ट पाहा. तो प्रेतात शिरतो, विक्रमाच्या खांद्यावर बसतो, पण निदान बोलतो, कोडी घालतो, माणसाच्या बुद्धीला मान देतो. झोंबीला वाचा नाही. आणि योहानाच्या शुभवर्तमानातील लाजरस? चार दिवस कबरीत राहिलेला, हातपाय बांधलेला, तोंडावर वस्त्र असलेला मनुष्य बाहेर चालत येतो. चित्र म्हणून पाहिले तर झोंबीहून फारसे निराळे नाही. पण त्याला नाव घेऊन हाक मारलेली आहे. आणि बाहेर आल्यावर शेजाऱ्यांना सांगितले आहे, की त्याची बंधने सोडा. धर्मग्रामातील ज्येष्ठांना आम्ही इतकेच सांगितले, आणि मुलांना होकार कळविला.

मुलांची कथा आम्हांस मनापासून आवडली. त्यांनी डोंबिवलीचे उलटे करून टाकले होते. त्यांच्या कथेत जारचे विकतचे पाणी पिणारे झोंबी होतात आणि खारे पिणारे वाचतात! किल्ल्यात चित्रण करावयाचे त्यांच्या मनात होते. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा, १७५७ साली पुरा झालेला तो विटांचा प्रचंड किल्ला, एकाआड एक दरवाजे; झोंबींना याहून योग्य घर कोठे मिळणार? पण सरकारी परवानगीचे कुणी पाहावे, म्हणून किल्ला नुसता लांबून घ्यावयाचा असे ठरले. मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीचेही तसेच. जयसिंग १६६७ साली बऱ्हाणपुरास वारले. येथे आहे ती नुसती त्यांच्या नावाची छत्री. "म्हणजे आतून कोनी निघाचा सवालच नाई," असे म्हणून मुलांनी तिचा नाद सोडला. झोंबी नदीच्या कोरड्या पात्रातून येतील आणि गावात शिरतील. गावात एक फादर असतील. एक म्हातारा झोंबी फादरांचे दार ठोठावील, आणि फादर दाराला कडी घालतील.

"फादर कोण?" आम्ही विचारले.

"तुमीच! दुसरा कोन करन? तुमाले बोलाचं काईच नाई. फक्त दार लावाचं हाय."

"आणि म्हातारा?"

"आमचे आजोबा."

वाचकहो, येथे थोडे मागे जावे लागेल.

२०२१ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या लाटेची चाहूल साऱ्या राज्यास लागली ती आमच्या अमरावती-अकोल्याकडूनच. एप्रिलमध्ये ती बाळापूरच्या या घरापर्यंत आली. नवरा-बायको दोघेही तापाने फणफणलेले. बाईंचा श्वास लागू लागला तेव्हा मुलाने आम्हांस फोन केला. दवाखान्यात नेण्यापूर्वी आईला रुग्णाभ्यंग हवे आहे, म्हणाला. आम्ही निघालो. पवित्र तेलाची कुपी खिशात होती, हातमोजे होते, दोन मुखपट्ट्या होत्या. घराच्या फाटकापाशी मोटारसायकल उभी केली, आणि उतरलो नाही. ओसरीवर खाटेवर बाई बसल्या होत्या. मधे फार तर २० पावलांचे अंगण. आम्ही गाडीवरूनच हात उंचावून आशीर्वाद दिला, एक प्रार्थना म्हटली, ती मुखपट्टीतून त्यांना ऐकू जाणे शक्य नव्हते. मुलगा म्हणाला, "आत येता का फादर?" आम्ही नियमांविषयी काहीतरी बोललो. नियम होते हे खरे. पण आम्हांला कोणत्याही नियमाने अडविले नव्हते. आम्हांस त्या खाटेवर बाई दिसल्याच नाहीत, रोग दिसला. गाडीचे यंत्रसुद्धा आम्ही बंद केले नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. अकोल्यास दफन झाले. मोजकी चार माणसे, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह. तेव्हाही आम्ही लांबच उभे होतो, पण तेव्हा सारेच लांब उभे होते.

लाट ओसरल्यावर काकांनी स्वतः होऊन सांगितले, की दर महिन्याची मिस्सा आता आमच्या घरी करा. तेव्हापासून तीच ओसरी, आणि त्याच खाटेवर स्वच्छ चादर घालून आम्ही आमचा झोळा ठेवतो. त्या दिवसाविषयी काका कधी अवाक्षर बोलले नाहीत. आम्हीही नाही. पापनिवेदनात आम्ही ते एका स्नेही फादरांजवळ बोललो. त्यांनी क्षमेचे शब्द उच्चारले, आमचे समाधान झाले असे आम्हांस वाटले. काकांजवळ बोलण्याचे राहिले.

चित्रण मे महिन्यात एका रविवारी ऊन उतरल्यावर ठरले. उतरल्यावर म्हणजे पाच वाजता, आणि तेव्हाही पात्रातील वाळू चपलांतून भाजत होती. झोंबींचे चेहरे मैद्याच्या पिठाने आणि चुलीच्या राखेने माखले होते. रक्त म्हणून उन्हाळ्यातले लाल सरबत. आंब्याचे दिवस, त्यामुळे माश्या इतक्या, की झोंबींना निश्चल उभे राहणे जमेना. शेजारच्या मोहल्ल्यातील मुले बघायला आली आणि बघता बघता त्यांतली सात-आठ जणे झोंबी झाली. एकूण खर्च ६४० रुपये, त्यातले निम्मे सरबताचे. आणि त्या सरबतातलेही निम्मे झोंबी पिऊन गेले.

मग दाराचा प्रसंग आला. आम्ही झगा घालून आत उभे राहिलो. ज्या घरात तेव्हा गेलो नव्हतो त्याच्या आत आम्ही, आणि ज्यांचे ते घर ते काका अंगणाच्या टोकाला फाटकापाशी, तोंडाला पीठ फासून. नातवाने हात खाली केला. काका निघाले. सत्तरी ओलांडलेला मनुष्य, गुडघे दुखावलेले. त्यांना झोंबीसारखे चालण्याचे सोंग करावेच लागले नाही. ते अंगण ओलांडून पायरीपाशी आले, हात पुढे केला. आम्ही दाराची फळी धरली आणि तिथेच थांबलो.

"कट! फादर, लावा न दार!"

दुसऱ्या वेळी आम्ही दार लावण्याऐवजी उघडले. मुले हसली. काका पिठातून आमच्याकडे बघत म्हणाले, "काऊन थांबले फादर? मी काई चावत नाई."

तिसऱ्या वेळी दार लागले, कडीही लागली. नातू खूश झाला. मुले नदीकडचे एखादे दृश्य उजेड आहे तोवर घेऊ म्हणून धावली. काका ओसरीवर येऊन त्या खाटेवर बसले, आणि पंचाने पीठ पुसू लागले. आम्ही पाण्याचा तांब्या आणून दिला. मग म्हणालो, "काका, त्या दिवशी आम्ही आत यायला हवे होते."

त्यांनी कोणत्या दिवशी हे विचारले नाही. चूळ भरली, पाणी अंगणात टाकले.

"हो," ते म्हणाले. "यायले पायजे होतं."

बराच वेळ ते कानामागचे पीठ काढीत राहिले. मग म्हणाले, "तिले ऐकू कमी येत होतं शेवटी शेवटी. प्रार्थना काई ऐकू आली नाई. पन तुमची गाडी चालू होती न, ते फटफट तिले ऐकू गेली. म्हणे, फादर आले वाट्टे. मग गाडी गेली तवा म्हणे, गेले का?"

आम्हांस काही बोलता येईना. एवढ्यात नातू धापा टाकीत परत आला. मोबाईलमध्ये पाहिल्यावर त्याच्या ध्यानात आले होते, की तिसऱ्या वेळच्या चित्रात फादरांचा चेहराच आलेला नाही, फक्त हात आला आहे. पुन्हा एकदा घ्यावे लागणार होते. सूर्य किल्ल्याच्या तटामागे जाण्याच्या बेतात होता.

"पीठ पुसून टाकलं ना आबा तुमी!" तो ओरडला.

"लाव मंग परत," काका म्हणाले आणि तोंड पुढे केले. नातवाने वाटीतला मैदा घेतला. वाटी आमच्या हाती दिली. डाव्या गालाला आम्हीच लावला.